जुन्या डिझेल ट्रकसाठी ग्लो प्लग निवडताना आधी व्होल्टेज पाहावे

आपला ट्रक जुना आहे, थंडीत इंजिन बराच वेळ स्टार्टर फिरवल्यावर पांढरा धूर सोडत कसेबसे सुरू होते, तपासणीत दोन ग्लो प्लग (थंड इंजिनात डिझेल पेटावे म्हणून सिलिंडरमध्ये उष्णता देणारे विजेचे प्लग) जळालेले निघाले, आणि आता मूळ पद्धतीचे प्लग घ्यावेत, लवकर तापणारे घ्यावेत की सिरॅमिकचे घ्यावेत, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे. आपल्या इंजिनाचा टायमर किंवा कंट्रोलर, म्हणजे प्लगला वीज किती वेळ द्यायची हे ठरवणारा भाग, ज्या व्होल्टेजच्या प्लगसाठी बनवला आहे, त्याच व्होल्टेजचे आणि शक्य असेल तर स्वयंनियंत्रित, म्हणजे तापल्यावर स्वतःचा प्रवाह आपोआप कमी करणारे, असे धातूचे प्लग घ्यावेत, आणि दोनच न बदलता पूर्ण संच बदलावा. ब्रँड आणि तापण्याचा वेग यांचा विचार त्यानंतर करावा.

व्होल्टेजवर मी इतका भर देतो, कारण बहुतेक चुकीची खरेदी तिथेच होते. ट्रकची बॅटरी १२ व्होल्टची आहे म्हणून प्लगही १२ व्होल्टचा असेल, असे गृहीत धरता येत नाही. अनेक जपानी इंजिनांच्या प्लगवर ११ व्होल्ट छापलेले असते, तर २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये २३ किंवा २०.५ व्होल्टचे प्लग आढळतात, कारण वायरिंग, ड्रॉपिंग रेझिस्टर (व्होल्टेज कमी करणारा रोधक) किंवा डॅशबोर्डवरील तापदर्शक यांच्यात काही व्होल्टेज खर्च होणार, हे इंजिन बनवणाऱ्याने हिशेबात धरलेले असते. याहून मोठा फरक जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर डिझेल इंजिनासारख्या रचनांमध्ये दिसतो. तिथे प्लग ६ व्होल्टचे असतात, त्यांना बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिले जाते आणि कंट्रोलर ते काही सेकंदांनी तोडत-जोडत राहतो. प्लग झटपट तापावा पण जळू नये, यासाठी ही योजना आहे. अशा प्लगला दुप्पट व्होल्टेज मिळते तेव्हा सुरुवातीची उष्णता दुप्पट नव्हे तर चौपट होते. त्यामुळे प्लगची वीज जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच, म्हणजे रिले, चिकटला किंवा कोणी हा प्लग सलग १२ व्होल्टवर ठेवला, तर काही सेकंदांत त्याचे टोक फुगते आणि कॉइल वितळते. उलट, त्याच जागी १२ व्होल्टचा प्लग बसवल्यास तो सुरक्षित राहतो, पण कंट्रोलर त्याला पुरेसा वेळ देत नाही, त्यामुळे तो अर्धवट तापतो आणि नवा संच घालूनही सकाळची तक्रार तशीच राहते.

म्हणून खरेदीपूर्वी आपल्या ट्रकवर सध्या काय बसवलेले आहे, हे अवश्य पाहावे. जुन्या ट्रकमध्ये मूळ टायमर बिघडल्यावर तो काढून डॅशबोर्डवर साधे बटण बसवण्याची पद्धत सर्रास आहे. तसे बटण असेल, तर प्लग किती वेळ तापतो हे पूर्णपणे चालकाच्या बोटावर अवलंबून असते, आणि तोडत-जोडत चालवायचे ६ व्होल्टचे प्लग त्या बटणाखाली फार दिवस टिकत नाहीत. अशा वेळी मूळ कंट्रोलर दुरुस्त करून पुन्हा बसवणे हा मला सर्वांत योग्य मार्ग वाटतो. ते शक्य नसेल, तर त्याच इंजिनात बसणारे बॅटरीच्या व्होल्टेजचे स्वयंनियंत्रित प्लग शोधावेत. टायमर शाबूत असेल, तर एका सहकाऱ्याला चावी फिरवायला सांगून प्लगच्या टर्मिनलवर किती व्होल्ट येतात आणि किती वेळ येतात, हे मल्टिमीटरने मोजावे. ही दोन मापे दुकानदाराच्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा अधिक खात्रीची असतात.

आता प्रकारांकडे वळू. जुन्या साध्या प्लगमध्ये एकच कॉइल असते. ते तापायला वीस-तीस सेकंद घेतात आणि स्वतःला आवरू शकत नाहीत, त्यामुळे वेळ संपताच वीज तोडावीच लागते. स्वयंनियंत्रित प्लगमध्ये टोकाकडील तापणाऱ्या कॉइलच्या मागे दुसरी नियंत्रक कॉइल असते. ती तापली की तिचा रोध वाढतो आणि प्लगमधून जाणारा प्रवाह आपोआप उतरतो. असा प्लग साधारण पाच ते नऊ सेकंदांत ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. यातील काही प्लग इंजिन सुरू झाल्यावरही तीन मिनिटांपर्यंत तापत राहू शकतात, त्यामुळे सुरुवातीचा पांढरा धूर आणि खडखडाट कमी होतो; मात्र ही सोय कंट्रोलरमध्ये असेल तरच तिचा उपयोग होतो. आपला टायमर वीस सेकंदांचा असेल, तर लवकर तापणारा प्लग घेऊन प्रतीक्षा आपोआप कमी होणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

सिरॅमिकचे प्लग दोन सेकंदांत १००० अंशांवर जातात, हे खरे आहे, आणि नव्या इंजिनांमध्ये ते उत्तम काम देतात. परंतु त्यांना बॅटरीपेक्षा बरेच कमी, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने काटेकोर आवरलेले व्होल्टेज लागते, जे जुन्या रिलेकडून मिळत नाही. शिवाय ते ठिसूळ असतात. हातातून पडलेला सिरॅमिक प्लग दिसायला चांगला असला तरी आत तडकलेला असू शकतो, आणि त्याचा तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टन व हेड दोन्ही धोक्यात येतात. जुन्या ट्रकसाठी मी ते कधीही सुचवणार नाही.

आपला ट्रक फारच जुना असेल आणि प्लगच्या टोकाला उघडी तारेची वेटोळी दिसत असतील, तर प्रकरण वेगळे आहे. ते प्लग एकामागोमाग एक अशा सिरीज जोडणीत असतात, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक-दोन व्होल्ट येतात आणि एक जळाला की सगळे बंद पडतात. त्यांच्यापैकी एकाच्या जागी आजचा पेन्सिलसारखा प्लग बसवता येत नाही. सर्वच प्लग बदलून समांतर जोडणी करायची असेल, तर प्रत्येक प्लग सुरुवातीला पंधरा-वीस अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह खेचतो, हे धरून जाड वायर, योग्य क्षमतेचा रिले आणि फ्यूज यांचीही तरतूद करावी लागते.

मापांच्या बाबतीत आटे जुळले म्हणजे प्लग जुळला, असे समजू नये. आट्यांचा व्यास आणि पिच, सीटचा (प्लग हेडमध्ये जिथे टेकतो त्या भागाचा) कोन, सीटपासून टोकापर्यंतची लांबी, टोकाची जाडी आणि टर्मिनलचा प्रकार, हे सारे तंतोतंत हवे. टोक दोन-तीन मिलिमीटर आखूड असले, तर ते हेडमध्येच दडून राहते आणि डिझेलच्या फवाऱ्याच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. लांब असले, तर ते फवाऱ्याच्या मध्यात येऊन लवकर झिजते, आणि थेट इंजेक्शनच्या इंजिनात पिस्टनलाही लागू शकते. काढलेला जुना प्लग नमुना म्हणून नेणे सोयीचे असते, पण आधीच्या कोणी तरी चुकीचा बसवलेला असण्याची शक्यता असल्यामुळे इंजिनाच्या क्रमांकावरून प्लग उत्पादकाच्या तक्त्यात खात्री करणे आवश्यक आहे. बॉश, बेरू, एनजीके, डेन्सो यांचे असे तक्ते उपलब्ध आहेत. वर उल्लेख केलेल्या ६.२ लिटर इंजिनात जुने मूळ प्लग फुगून अडकत असत, आणि नंतर न फुगणारा स्वयंनियंत्रित ६०जी हा एसी डेल्कोचा प्लग त्यांच्या जागी आला. आपल्या इंजिनासाठीही असा सुधारित क्रमांक निघालेला आहे का, हे तक्त्यात पाहावे.

जळालेले दोन प्लग फेकू नयेत, कारण त्यांच्या टोकांवरून कारण कळते. टोक फुगले किंवा सुरकुतले असेल, तर जास्त व्होल्टेज किंवा चिकटलेला रिले हे कारण संभवते. टोक वितळून खाल्ल्यासारखे दिसत असेल, तर दोष बहुधा नोझलच्या फवाऱ्यात किंवा पंपाच्या टायमिंगमध्ये असतो, आणि तो दूर केल्याशिवाय नवा प्लगही त्याच सिलिंडरमध्ये पुन्हा जळतो. टर्मिनल किंवा षट्कोनी भाग तुटला असेल, तर तो बसवताना जास्त आवळला गेला होता.

उरलेले प्लग काढताना घाई करू नये. इंजिन गरम करून घ्यावे, आट्यांवर भेदक तेल सोडून वेळ द्यावा आणि पाना सावकाश मागेपुढे चालवावा. १० मिलिमीटर आट्यांचा प्लग साधारण ३५ न्यूटन-मीटरवर तुटू शकतो, त्यामुळे त्याच्या बराच अलीकडे थांबून पुन्हा तेल व उष्णता द्यावी. भोकातील काजळी योग्य रीमरने (भोक खरवडून साफ करणाऱ्या हत्याराने) साफ करावी. याच आकाराचे नवे प्लग साधारणपणे १२ ते १८ न्यूटन-मीटरपर्यंत, तर १२ मिलिमीटरचे २२ ते २५ पर्यंत आवळतात. आपल्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तोच पाळावा. टर्मिनलच्या लहान नटला याहून पुष्कळच कमी जोर लागतो.

बसवण्यापूर्वी सर्व नव्या प्लगचा रोध मोजावा. थंड असताना तो बहुधा अर्ध्या ते दोन ओहमच्या दरम्यान असतो, पण आकड्यापेक्षा सगळ्यांचे माप एकमेकांशी जुळणे महत्त्वाचे आहे. धातूचा प्लग व्हाइसमध्ये पकडून, फ्यूज लावून, त्याच्यावर छापलेल्या व्होल्टेजइतकीच वीज काही सेकंद दिली, तर लाली आधी टोकावर यायला हवी. मध्यभागी आधी लाल होणारा प्लग खोक्यावर कोणाचेही नाव असले तरी परत करावा, कारण त्याची उष्णता हेडच्या धातूत जिरते आणि इंधनापर्यंत पोहोचत नाही.

सर्व प्लग बसवल्यावर मुख्य वायरवर क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारे मीटर) लावून एकूण प्रवाह पाहावा. स्वयंनियंत्रित संचाचा प्रवाह सुरुवातीला मोठा असतो आणि काही सेकंदांत जवळजवळ निम्म्यावर येतो. तो तसा उतरत असेल, प्रत्येक प्लगला वीज पोहोचत असेल आणि तरीही थंडीत पांढरा धूर व लांबलेली सुरुवात कायम असेल, तर पुढची तपासणी स्टार्टरच्या वेगाची आणि प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनची करावी.