पोराची पेटी माळ्यावर टाकली म्हणून दुःख कमी होतं का?

"मॅडम, त्याचं गाणं घरात लावावं की नको? लावलं की जीव जातोय, नाही लावलं तर पोरगं अजून लांब गेल्यासारखं वाटतंय. आणि लोक म्हणतात सारखं आठवू नका, त्याच्या आत्म्याला त्रास होतो."

मी समुपदेशक, हे मला आजवर किती आयांनी विचारलंय ते मोजलं नाही. गाण्याच्या जागी कधी बॅट असते, कधी बाईक, कधी नुसता एक चेक्सचा शर्ट, पण प्रश्न तोच. म्हणून आज एका घराची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटेल ते सगळं बदलून.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं गाव. बाप शेती करून सेंट्रिंगच्या कामाला जाणारा, आई दोन म्हशी सांभाळून डेअरीला दूध घालणारी, धाकटी मुलगी पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावी). मुलगा २३ वर्षांचा, दिवसा बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत आणि संध्याकाळी पेटी, म्हणजे हार्मोनियम. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा देत देत मध्यमापर्यंत पोचलेला. गावच्या भजनात साथ करायचा आणि पलीकडच्या कन्नड गावात दासरपदं (कन्नड संतांची भक्तिगीतं) असली तरी बोलावणं त्यालाच (आपल्याकडे पाटीवरच्या भाषेवरून किती भांडणं, पण पेटीवाला बरा असला की कुणी विचारत नाही तू कुठल्या भाषेचा). खोलीत कुमार गंधर्वांचा फोटो, का तर ते "आपल्या सुळेभावीचे", बेळगावजवळच्या गावचे. जेवताना मोबाईलवर बेळगावचे नावाजलेले पेटीवादक रामभाऊ विजापुरे यांची पेटी, आई ओरडायची आधी भाकरी खा मग काय ते ऐक. पावसाळ्यात एका रात्री भजनाहून परत येताना गाडी घसरली आणि तेवढ्यात सगळं संपलं.

माझ्याकडे आले तेव्हा आठ महिने झाले होते. आईनं तेराव्यानंतर लगेच पेटी माळ्यावर टाकली होती, फोटो काढून ट्रंकेत, आणि घरात गाणं बंद, मुलीच्या मोबाईलची रिंगटोनसुद्धा बंद. आई बोलत होती, बाप गप्प, मान खाली.

इथं मी चुकले ते सांगून टाकते. दुसऱ्याच भेटीत मी म्हटलं की त्याचं एखादं रेकॉर्डिंग आपण इथं बसून पाच मिनिटं ऐकूया का. बाई उठल्या, पदर सावरला आणि गेल्या, पुढं दीड महिना आल्याच नाहीत. पुस्तकात ते बरोबर असेल पण मी घाई केली, त्यांची वेळ झाली नव्हती आणि मला माझं काम पुढं सरकायला पाहिजे होतं.

मग एक दिवस बाप एकटाच आला. बराच वेळ पंख्याकडं बघत बसला आणि म्हणाला, "ते रेडिओवाल्यांनी १९४० ला पेटीला बंदी घातली होती, १९७१ पर्यंत उठवली नाही, माहितीय का तुम्हाला? पोरगंच सांगायचं आम्हाला, लई रागानं. आता आमच्या घरात बी बंदीच की वो." आणि मग बांध फुटला. रोज रात्री म्हशींना वैरण टाकायच्या निमित्तानं हा माणूस गोठ्यात जाऊन कानात इयरफोन घालून पोराच्या भजनाची रेकॉर्डिंग ऐकत होता, इतके महिने, चोरून, कारण बायकोला त्रास होईल. आणि बायको मला आधीच म्हणून गेलेली, "ह्यांचं काळीजच दगडाचं, पोराचं नाव सुद्धा काढत नाहीत."

अशा घरांत मी हे परत परत बघते. दोघं एकमेकांना जपायला म्हणून गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यानंच दोघं एकेकटे पडतात. मुलीचं तर कोण विचारतच नव्हतं, तिचा दादा गेलाय हे सगळे विसरलेले.

आत्म्याच्या त्रासाबद्दल मी वाद घालत नाही, श्रद्धा ज्याची त्याची. मी एवढंच विचारलं की वर्षश्राद्धाला भटजी नाव विचारतात की नाही? पितृपक्षात नाव घेऊनच पान वाढता ना? मग विसरा असं आपल्याकडं सांगितलंय कुठं? ते दुःखाचे पाच टप्पे सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर वाचलेले असतात, पण १९६९ साली कुबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी ते मांडले ते स्वतः मरणाला टेकलेल्या पेशंटांशी बोलून, मागं राहिलेल्यांसाठी ती जिन्याची पायरी नव्हे, आज राग उद्या स्वीकार असं काही होत नाही. पुढं १९९६ च्या सुमारास अभ्यासकांनी उलटंच मांडलं की गेलेल्या माणसाशी नातं तोडायची गरज नाही, नातं वेगळ्या रूपात चालू राहतं आणि त्यात आजार काही नाही. मात्र वर्ष उलटलं तरी जवळजवळ रोज तेच, खाणंपिणं काम सगळं ठप्प, किंवा आपणही जावं असं मनात येत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, रात्री-अपरात्री १४४१६ वर टेली मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन करा, फुकट आहे.

तर पुढं. जूनमध्ये दोघं परत आले. मी गाण्याचं नावच काढलं नाही. सहज विचारलं, "खानापूरकडं पाऊस केवढा, माळ्यावर ओल धरत नाही का? पेटीचा भाता खराब होतो ना ओलीनं?" बाई एकदम ताठ बसल्या. "उंदरं बी हाईत वो वर," म्हणाल्या नवऱ्याकडं बघून. पोराच्या आठवणीला हात लावायची हिंमत नव्हती, पण पोराची वस्तू उंदरानं खाल्लेली कुठली आई चालवून घेईल!

दुसऱ्या दिवशी पेटी खाली आली. भात्याच्या घडीला भोकं, चार सूर बसलेले. बेळगावातच एका दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं उघडून पुसता पुसता विचारलं की पट्ट्यांवर हे लाल ठिपके कसले, पुसून देऊ का. शिकत असताना पोरानं बहिणीच्या नेलपॉलिशनं काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला) आणि आणखी दोन पट्ट्यांना खुणा केल्या होत्या. बाई म्हणाल्या, "राहू देत." हे सांगताना त्या माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या, म्हणजे मोठ्यानं रडल्या, आणि नवरा शेजारी बसून त्यांच्या पाठीवर हात फिरवत होता, तो पण पहिल्यांदाच.

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं पेटी मागायला आली, दान द्या म्हणून. बाईंनी साफ नाही म्हटलं. इथं घरात येऊन वाजवा, नेणार मात्र नाही. मला कुणी विचारलं की पेटी द्यावी का ठेवावी तर मी उत्तर देत नाही, पण हा तोडगा मला सुद्धा सुचला नसता.

परवा फोन आला. मी घाबरतच विचारलं कसं चाललंय. "कसलं काय मॅडम," बाई वैतागलेल्या, "ते पाटलाचं पोरगं बसतंय पेटीला गुरुवारी, कोमल गंधार लागतच नाही त्याला. आमच्या पोरानं ऐकलं असतं ना, हाकलून दिला असता." मागून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, पहिल्या वर्षी त्याला तरी कुठं लागत होता?"