गोव्याच्या दमट हवेत टिकणारं पेन आयलायनर कसं निवडावं?

पुण्यात दिवसभर टिकणारं तुमचं पेन लायनर पणजीत आल्यापासून अकरा वाजेपर्यंत वरच्या पापणीवर उमटतं, असं तुम्ही लिहिलंय. हात बिघडलेला नाही तुमचा. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही. घाम आणि पापणीचं तेल एकत्र साचून राहतं, आणि डोळा उघडला की ओली रेघ वरच्या घडीला चिकटते.

माझं गाव फोंड्याकडचं. जत्रेच्या नाटकात बायकांची रंगभूषा मी करते. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, दिवे थेट तोंडावर, आणि तिसऱ्या अंकात नायिका रडणार हे ठरलेलंच. एका वर्षी तिचं लायनर दुसऱ्याच अंकात डोळ्याखाली आलं. विंगेत ओला कापूस घेऊन उभी होते मी, फार वाईट वाटलं. त्या पेनावर 'वॉटरप्रूफ' असं ठळक छापलेलं होतं. विकणाऱ्या मुलीने माझ्या हातावर रेघ मारून वर पाणी ओतून दाखवलं होतं आणि रेघ खरंच हलली नव्हती. पण पाण्याला दाद न देणारी बरीच लायनरं तेलापुढे हार मानतात.

म्हणून दुकानात परीक्षा तेलाने घ्या. मनगटाच्या मागे रेघ मारा, पूर्ण दोन मिनिटं थांबा. मग नाकाच्या बाजूला बोट फिरवून तेच बोट रेघेवर घासा. करडा डाग पसरला तर पेन परत ठेवा. रेघ जशीच्या तशी राहिली, किंवा पसरण्याऐवजी तिचे बारीक तुकडे सुटले, तर घ्या. तुकडे सुटणारं लायनर वाळल्यावर पापणीवर पातळ पापुद्रा धरतं. घटकांच्या यादीत 'ॲक्रिलेट्स कोपॉलिमर' असं काही वरच्या बाजूला दिसलं तर बहुधा ते याच जातीचं. यातली काही कोमट पाण्याने हलक्या हाताने निघतात, डोळे चोळावे लागत नाहीत. टेस्टर मात्र थेट डोळ्याला कधीच लावू नका.

टोक दोन प्रकारचं मिळतं. स्केचपेनसारखं फेल्टचं टोक नवशिक्या हाताला सोपं, पण पावडरीवरून फिरवलं की बुजतं आणि रेघ तुटक येते. दुसरं सुट्या केसांच्या ब्रशचं. त्याची सवय व्हायला आठवडाभर लागतो, पण डोळ्याच्या कोपऱ्यातली शेपटी ते सुईसारखी काढतं. माझं मत ब्रशच्याच बाजूने आहे.

लावण्याआधी पापणीवरचं सनस्क्रीन टिशूने टिपून घ्या, निम्मा त्रास तिथेच संपतो. रेघ मारल्यावर अर्धा मिनिट खाली बघत राहा, पंखा चालू असेल तर उत्तम. वरची पापणी डोळ्यावर झुकणारी असेल तर शेपटी डोळा उघडा ठेवून, समोर आरशात बघतच काढा. आतल्या ओल्या कडेला हे पेन नको, लेन्स लावत असाल तर मुळीच नको.

पेन टोक खाली करून ठेवा, नाहीतर शाई मागे सरकते आणि भरलेलं पेन संपल्यासारखं वागतं. स्कूटरच्या डिकीत विसरू नका, तिथल्या उन्हाने ते वाळतं.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या बहिणीला रात्रभर टिकतं ते माझ्या तेलकट पापणीवर दोन तास टिकत नाही. बोटाची परीक्षा मात्र दोघींना उपयोगी पडली आहे.

आणखी एक. उघडल्यापासून सहा महिन्यांच्या पुढे पेन वापरू नका, आणि डोळे आले तर त्याच दिवशी टाकून द्या, अर्धं भरलेलं असलं तरी. मैत्रिणीने मागितलं तरी आपलं पेन देऊ नका. त्यापेक्षा तिला दुकानात सोबत घेऊन जा.