बीटलच्या ३ नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट? आता नुसता सेट करून सोडू नका

फोक्सवॅगनची १६०० बीटल, महिन्यापूर्वी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला गॅप) सेट केलेले आणि आता ३ नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.१५ मिमीची पट्टी शिरत नाही. फिलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) खराब असेल का, असं विचारलंय तुम्ही. वाचून पोटात गोळाच आला. वर्षभर मीही गेजलाच शिव्या घालत होतो. बाकीचे सात व्हॉल्व्ह त्याच पट्टीने बरोबर लागतायत ना? मग गेजचा काय दोष!

पिस्टन अगदी वर (टीडीसीला) आणणं, डिस्ट्रिब्युटरचा रोटर बघून सिलिंडर ओळखणं वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

माझी चूक एकच, पण फार महागात पडली. तो घट्ट सापडला की मी लॉकनट (गॅपचा स्क्रू जागी धरणारा नट) सैल करायचो, स्क्रू मागे घ्यायचो, पुन्हा ०.१५, व्हॉल्व्हच्या झाकणाची तार चढवली की विषय संपला. सेट करण्याआधी गॅप किती होता, हे एकदाही लिहून ठेवलं नाही. लिहिलं असतं तर कळलं असतं की तो सारखा एकाच दिशेने चाललाय. रॉकर, स्क्रू झिजले तर गॅप वाढतो. असा सारखा कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे तो बंद होताना टेकतो त्या कड्यात, रुतत चाललेला असतो, नाहीतर त्याची दांडी तापून लांबत असते. लांबते म्हणजे कुठेतरी बारीक होते, आणि एक दिवस तुटते. माझी तुटली. चालत्या गाडीत एक ठणका, मग खडखडाट. सिलिंडर हेड उतरवलं तर व्हॉल्व्हचं तोंड पिस्टनच्या माथ्यात रुतलेलं.

त्याच्या आधी एका गॅरेजला दाखवली होती, नाव घेत नाही. इंजिन गरम, झाकणं काढायची तसदीही नाही. कान लावला आणि म्हणाले, "आवाज नाही, टॅपेट झकास!" अहो, या इंजिनात टॅपेट गप्प झालं की घाबरायचं असतं! टिकटिक करणारा व्हॉल्व्ह निदान सीटवर टेकतो तरी. घट्ट झालेला नीट बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. वर त्या एका वाक्याचे पैसेही घेतले. असो.

३ नंबरच का, तर जुन्या फॅन हाउसिंगमध्ये (पंख्याच्या पत्र्याच्या घरात) ऑइल कूलर नेमका त्याच्या गार हवेच्या वाटेत बसवलेला, म्हणून तोच जास्त तापतो. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर त्या वाटेतून बाजूला सरकवला.

मी मेकॅनिक नाही, गाडीही पाहिलेली नाही. तरी सांगतो: रात्रभर गार झालेल्या इंजिनवर एकदा मोजा. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरला नव्हता ना, तेही बघा, म्हणून आवळल्यावर पट्टी परत घालायचीच. ०.१५ लावून, आकडा लिहून थोडी चालवा. पुन्हा कमी भरला तर हेड खाली आणि नवा व्हॉल्व्ह. यात "बघू अजून महिनाभर" नको. इंजिन अजून जुनं असेल तर माप वेगळं असू शकतं, हाउसिंगवर स्टिकर असेल तर तोच पाळा.

आणि झाकणाचं कॉर्क गॅस्केट चिकटवायचंच असेल तर फक्त झाकणाला. हेडला चिकटवलेलं खरवडून काढताना माझी नखं गेली आहेत.