सरांचे 160 पेपर की मॅडमचे 38?

नमस्कार भाऊ. पत्र वाचलं. पोरीचं बायोटेकमधी एमएस्सी झालं, पीएचडीसाठी दोन गाईड समोर आहेत, सरांचे 160 पेपर अन् एच-इंडेक्स 14, मॅडमचे 38 पेपर अन् एच-इंडेक्स 15, तुम्हाला वाटते सरच भारी. मला तसं नाही वाटत, काऊन ते सांगतो.

तुम्ही दारव्ह्याकडले कापूसवाले, पराटी डोक्याच्या वर गेली म्हणून खुश होता का, बोंडं मोजता ना? इथंही तसंच. एच-इंडेक्स 15 म्हणजे 15 पेपर असे की प्रत्येकाचा दुसऱ्या संशोधकांनी निदान 15 वेळा आधार घेतला. सरांचे 14 सोडले तं बाकी 146 मधल्या एकालाही 14 च्या वर सायटेशन (म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात घेतलेला आधार) नाही. हे माप हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं 2005 मधी काढलं, पण त्यावरही पूर्ण भरवसा नका ठेवू, तो आकडा कधी कमी होत नाही, वयासोबत वाढतच जाते. अन् सायटेशन म्हणजे मोठा शोधच असंही नाही, लाउरी नावाच्या बायोकेमिस्टचा 1951 चा प्रोटीन मोजायच्या पद्धतीचा पेपर 3 लाख सायटेशनच्या वर गेला, कारण पद्धत सगळ्यांच्याच कामी येते (पोरीनं प्रॅक्टिकलला तो निळा रंग आणला असंल, विचारा). उलट मोठ्या शोधाची दखलही उशिरा घेतली जाते, मॅक्लिंटॉक नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके पाहून जागा बदलणारे जीन 1940 च्या दशकात शोधले अन् नोबेल मिळालं 1983 ला!

मी पाहतो ते वेगळंच. पबमेड (जीवशास्त्र अन् वैद्यकातले पेपर शोधायची वेबसाइट) फुकट आहे, मोबाईलवर उघडा, गाईडचं नाव टाका अन् प्रत्येक पेपरवर नावं कोणत्या क्रमानं आहेत ते पोरीला पाहू द्या. मॉलिक्युलर बायोलॉजीत बहुतेक वेळा पहिलं नाव ज्यानं हातानं प्रयोग केले त्याचं, शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. मॅडमच्या पेपरवर पहिलं नाव विद्यार्थ्यांचं असंल, अन् दरवेळी वेगळ्या पोराचं, तं समजा तिथं पोरं घडतात. सरांचं नाव नुसतं मधात कुठंतरी असंल, किंवा पैसे भरले की आठ दिवसात छापून देणाऱ्या जर्नलमधी पेपर असतील, तं तिथं पोरीचे पाच वर्ष घालू नका, मी हात जोडून सांगतो.

मॅडमच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना पोरीनं स्वतः फोन करावा, फेलोशिप वेळेवर येते का, केमिकल मिळतात का, अन् मॅडम लॅबमधी येतात का हे विचारावं. काय कळलं ते मला लिहा, मग मॅडमना पाठवायचा मेल आपण मिळून लिहू.