शेंगेन व्हिसा: मुक्काम कुठे, अर्ज कुठे?

प्रश्न: मे महिन्यात आम्ही दोघं आणि सात वर्षांची लेक युरोपला जातोय. विमान आमस्टरडॅमला उतरतं. तिथे तीन रात्री, मग पॅरिसला चार. व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा? (कोथरूड, पुणे)

उत्तर: फ्रान्सचा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट; व्हिसा मात्र त्यातल्या एकाच देशाकडे मागायचा. विमान कुठे उतरतं यापेक्षा रात्री कुठे जास्त, हे महत्त्वाचं. रात्री सारख्या असत्या, तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरला असता.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, कधी 45. म्हणून फेब्रुवारीतच उरकून टाका, सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं फार अवघड.

लेकीचा पासपोर्ट आत्ताच कपाटातून काढून तारीख बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तो चालायला हवा. फी मोठ्यांना 90 युरो, तिला 45. बोटांचे ठसे बारा वर्षांखालच्यांचे घेत नाहीत.

विमा किमान 30,000 युरोचा घ्या. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर तोही दिवस त्यात धरा. आणि कृपा करून अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, त्याने शंकाच वाढते.