पुणे-मुंबई रेल्वेत स्टीम डेकची (हातात धरायचा गेमिंग संगणक, एलसीडी स्क्रीनचं मॉडेल) बॅटरी दीड तासात संपते, कोणती सेटिंग बदलू?

आधी फ्रेम लिमिट (सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवायची) ४० करा, टीडीपीला (चिपच्या वीजवापराची मर्यादा) त्यानंतरच हात लावा. बॅटरी ४० वॅट-अवरची आहे; जड गेममध्ये पूर्ण डेक २५ वॅटच्या आसपास खेचतो, म्हणजे दीड तासच. तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या चिन्हाच्या टॅबमध्ये त्या गेमचं वेगळं प्रोफाइल चालू करा आणि लिमिट ४० ठेवा. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत, ३० ला ३३.३ मध्ये येते. ४० ला बरोबर मधले २५. त्यामुळे खेळ ३० पेक्षा खूपच सफाईदार वाटतो आणि जीपीयूला (ग्राफिक्स काढणारा भाग) फ्रेममागे विसावा मिळतो. मग टीडीपी १५ वरून एकेक वॅट उतरवा. गर्दीच्या दृश्यात अडखळलं की एक वॅट परत वाढवा. थेट ५-६ वॅटवर नेऊ नका: सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू एकाच चिपवर तेवढ्यातच भागवतात, लोडिंगही रेंगाळतं. घाटात नेटवर्क तसंही तुटतं, वायफाय बंदच ठेवा. फ्रेम लिमिटमुळे बटणाचा प्रतिसाद मात्र किंचित उशिरा येतो, वेगवान शूटिंग गेममध्ये ते जाणवतं. तिथे ६० ठेवून ग्राफिक्स कमी करा.