उत्तर बरोबर, पर्याय चूक

प्रश्न : मुलगा २५ वर्षांचा अभियंता असून पुण्यात नोकरी करतो व एमबीएच्या प्रवेशासाठी जीमॅट परीक्षेची तयारी करत आहे. मी निवृत्त गणित शिक्षक आहे. रोज रात्री त्याची वही व्हॉट्सॲपवर मागवून तपासतो. डेटा सफिशिअन्सीची गणिते तो अचूक सोडवतो, तरी सराव परीक्षेत नेमके तिथेच गुण जातात. त्याचे लक्ष लागत नाही. नोकरी सोडायला सांगावे का? — एक पालक, सांगली

आदरणीय सर,

आपण वहीच्या पानाचे छायाचित्र सोबत जोडले ते बरे झाले, कारण अडचण कुठे आहे ते त्या एका पानावरच दिसते. ७ रुपयांचे काही पेन आणि ११ रुपयांच्या काही वह्या घेतल्या, तर पेन किती, असा प्रश्न आहे. एकूण खर्च ६१ रुपये, हे पहिले विधान आणि एकूण नग ७, हे दुसरे. उत्तरासाठी यांतले एखादे विधान एकटे पुरेसे आहे की दोन्ही लागतात, एवढेच डेटा सफिशिअन्सीत ठरवायचे असते. मुलाने दोन समीकरणे मांडून ४ पेन व ३ वह्या असे उत्तर काढले, ‘दोन्ही विधाने मिळून पुरेशी’ हा पर्याय निवडला आणि आपण त्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली. तो पर्याय चूक आहे. पेन काय किंवा वही काय, अर्धी घेता येत नाही. म्हणून ६१ मधून ११, २२, ३३, ४४, ५५ वजा करत गेल्यास फक्त २८ ला ७ ने भाग जातो, आणि पहिले विधान एकटेच पुरेसे ठरते.

या प्रश्नांत उत्तर काढायचे असते, हा समजच मुळात चुकीचा आहे. प्रत्येक विधान आधी स्वतंत्रपणे, दुसरे जणू दिलेलेच नाही असे धरून तपासायचे आणि त्यातून एकच उत्तर निघणार हे कळताच तिथे थांबायचे. दिलेली सगळी माहिती वापरणे, पायऱ्या लिहिणे, उत्तराखाली दोन रेघा ओढणे ही शिस्त शालान्त परीक्षेसाठी मोलाची आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे, पण इथे तीच गुण घालवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात हे प्रश्न डेटा इनसाइट्स या विभागात गेले असून तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न सोडवायचे असतात, शिवाय पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो.

मला खरी काळजी वाटते ती रोजच्या तपासणीची. दिवसभर काम करून आलेला पंचवीस वर्षांचा मुलगा रात्री जीमॅटसाठी नव्हे, तर आपल्या लाल शाईसाठी गणित सोडवतो आहे. आपल्याला पूर्ण उत्तर हवे असते, म्हणून तो ते काढतो आणि या सवयीमुळेच एका विधानावर थांबायला कचरतो. याला लक्ष नसणे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

नोकरी अजिबात सोडायला सांगू नका. जीमॅटच्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या बहुतेक संस्था कामाचा अनुभव पाहतात. आयआयएमच्या नियमित दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कॅट आणि राज्यातील महाविद्यालयांसाठी एमबीए सीईटी हे मार्ग आपल्याला ठाऊक असतीलच.

पुढचे तीन आठवडे वही मागवू नका. सराव करताना दुसरे विधान कागदाने झाकून पहिल्याचा निर्णय लिहावा, मग पहिले झाकून दुसऱ्याचा, एवढेच त्याला सांगा. एमबीए त्याला का करायचे आहे, हे आपल्या चार पानी पत्रात कुठेच आलेले नाही. ते त्याने स्वतः मला लिहून कळवावे.